पान एकशेबाराची शेळी

मी वीज मंडळाचा रीडिंगवाला.
सेलूच्या अठरा गल्ल्यांतले आकडे
एकवीस वर्षं वाचले.
दार उघडणारी बाई आत सांगायची,
"रीडिंगवाला आलाय"
आणि मला उगाच बरं वाटायचं,
जसा काही वाचण्याचाच पगार मिळतो.

खरं तर वेड तिथूनच लागलं.
मीटर नेहमी अडचणीत असतो,
कोनाड्याशेजारी, माळ्याखाली,
जिथं घरं आपली पुस्तकं टाकून देतात.
विजेरी आकड्यावर धरायची
की ती आपोआप बाजूच्या गठ्ठ्यावर सरकायची.
कासार गल्लीतल्या पद्मिनबाईंनी
एकदा अख्खा गठ्ठाच हातात दिला,
"न्या. उंदरं तरी किती वाचतील?"

त्यात एक कादंबरी होती,
शेवटची सोळा पानं नसलेली.
तिचा शेवट मी नऊ तऱ्हेनं केला,
सायकलवर, उन्हात.
लिहायला लागलो तो असा.

बाद बिलांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचो.
पुढच्या बाजूला कुणाची तरी थकबाकी,
मागच्या बाजूला माझी.

दहा वर्षं लागली.
त्यातला एक हिवाळा एका 'पण'पाशी गेला.
'पण' काढला की माणूस कठोर वाटायचा,
ठेवला की लबाड.
बायको म्हणायची, झोपा आता, 'पण' सकाळी बघा.
सकाळी आठ दिवसांनी नळ आलेला असायचा.

प्राध्यापक वालूरकरांनी वाचून सांगितलं,
आशय सामाजिक आहे.
टायपिंगला दिलं परभणीत, शफियोद्दीनकडं.
स्टेशनसमोर जिन्याखाली दुकान,
लग्नपत्रिका, शपथपत्रं, हरवले आहेत.
घरात दखनी, बोटांत मराठी.
पानाला बारा रुपये, ऱ्हस्व-दीर्घ फुकट.

दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन.
"भाऊ, ओ बकरी कां गई?"
कोणती?
"पान एकशेबाराला चंपाबाई शेळी बांधती ना खुंट्याला.
मग बाई लेकाकडं पुण्याला जाती, घराला कुलूप.
सत्तर पानं झाली. तिला पाणी कोन पाजलं?"

मी हसलो.
फोन ठेवल्यावर हसू राहिलं नाही.
भावकीचे खटले, तीन मयती, एक आख्खी निवडणूक
मी नीट जुळवून आणली होती.

रात्री दावं दिसायचं.
शेजाऱ्याला शेळी देऊन पाहिली, शेजारी खोटा वाटला.
दावं तोडून पाहिलं,
सुटली खरी, पण माझीच सुटका जास्त झाली.
(हा 'पण' मात्र राहू दिला.)
एका रात्री तर मारूनही टाकली,
चार ओळींत, चांगल्या ओळी होत्या,
पहाटे उठून खोडल्या.

मग मार्चात, नूतन कॉलनीमागं,
दिवाळीपासून बंद असलेल्या एका घराचं
रीडिंग अकरा युनिट वाढलेलं.
मी ओट्यावरून आत डोकावलो.
पिवळ्या बल्बखाली परकर खोचून बसलेली पोर,
मांडीवर भूगोल.
घाबरली नाही. म्हणाली,
"काका, भिंतीवरून येते. आमच्यात सात जणं
आणि एक टीव्ही.
घर कुणाचंय ते म्हाईत नाही, झाडून घेते रोज."

फॉर्मवर मी मागचाच आकडा लिहिला.
नोकरीतली ती माझी एकमेव कल्पित नोंद.

घरी आलो, चपला न काढताच बसलो.
चंपाबाईच्या बंद घरात भिंतीवरून एक पोरगी उतरली,
हातात पुस्तक. आधी तिनं बादली शोधली.

शफीनं त्या पानाचे बारा रुपये घेतले नाहीत.

तीनशे प्रती छापल्या.
दोनशे छत्तीस पलंगाखाली आहेत,
पलंग पूर्वी हलायचा, आता हलत नाही.
पान नव्वदवर 'विहीर' ऱ्हस्व राहिलीये,
ती मला अजून झोपेत दिसते.

परवा शफीचा फोन आला,
मागं प्रिंटरची खरखर.
"भाऊ, ती पोरगी आता धाव्वीला असंल ना?
मंग पुढलं कव्हा आनताय?"